सात महिने अळणी

सकाळी सात वीसला ताईच्या चष्म्याच्या घरातून मीठ सांडलं. टेबल पुसायचं होतं म्हणून मी ते घर उचललं, एवढंच. त्याचं बटण कधीचं ढिलं झालंय. उचलताच ते उघडलं आणि आतून कागदाची एक चपटी पुडी बाहेर पडली, तिची घडी सुटली आणि पांढरे दाणे टेबलावर पसरले. चष्मा आत नव्हता. चष्मा ताईच्या नाकावर होता आणि ताई गॅलरीत खुर्ची टाकून, माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होती. मला वाटलं साखर असेल. हिला गोड कधीपासून आवडायला लागलं, असंही मनात येऊन गेलं. दोन दाणे बोटाला लावून जिभेवर ठेवले. मीठ होतं. मी तसाच उभा राहिलो, हातात ओलं फडकं आणि तोंडात मिठाचे दोन दाणे घेऊन, आणि ते गिळावेत की थुंकावेत तेही ठरवता येईना. मग पुडीची होती तशी घडी घातली, पुडी घरात ठेवली, बटण दाबलं, टेबल पुसलं. "चहा गार होतोय तुझा," ताई पेपरातून मान वर न काढता म्हणाली. मी गार चहा प्यायलो आणि काही न बोलता कामावर निघालो.

काही न बोलता निघणं ही आमच्याकडे मोठी गोष्ट नाही. आमच्या घरात बोलायचं खातं ताईकडे आहे. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून तिचा आवाज असा झालाय की ती साधं "पाऊस येईल" म्हणाली तरी पावसाला यावंच लागेल असं वाटतं. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो आणि तिला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तेव्हापासून आम्ही दोघंच. तिचं लग्न माझ्या शिक्षणात राहून गेलं आणि माझं तिच्या राहून गेलेल्या लग्नात. यात कुणी कुणावर उपकार केले याचा हिशेब आम्ही मांडत नाही, निदान तोंडाने तरी मांडत नाही. पण आज बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, पाय मोकळे झाले, आणि मग जो राग टेबल पुसताना यायला हवा होता तो आला. असा आला की माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी काहीतरी पुटपुटलो असणार.

सात महिन्यांपूर्वी ताई बाथरूमच्या दारात पडली. डोकं आपटलं नाही, हाड मोडलं नाही, नुसती पडली आणि उठेना. डॉक्टरांनी कागदाच्या कपट्यावर दोन आकडे लिहिले, एकावर एक, आणि वरच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला. दोनशे वीस. "पडल्या म्हणून कळलं, नशीब समजा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पडायच्या आधीच सगळं आटपलेलं असेल." मग त्यांनी बजावलं, मीठ बंद. कमी नाही, बंद. मी घरी आलो आणि मिठाची बरणी सिंकमध्ये उलटी करून वरून नळ सोडला. लोण्याचा डबा, सॉसची बाटली, खारी बिस्किटं, डब्यांवरचं बारीक अक्षर वाचून वाचून एकेक गोष्ट कचऱ्यात टाकली. ताई कॉटवर उशीला टेकून बघत होती. मी म्हणालो, "तू अळणी खाणार तर मीही अळणी खाणार. या घरात मीठ येणार नाही." ती म्हणाली, "अरे, तू कशाला? तुला काय झालंय? तू आपलं घालून घे वरून." मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही." या वाक्याचा मला अभिमान आहे. म्हणजे आज सकाळी सात एकोणीसपर्यंत होता.

आणि स्वयंपाकही मीच हातात घेतला. चौपन्नाव्या वर्षी. महिनाभर तिने आचेजवळ उभं राहायचं नव्हतं आणि महिन्यानंतर मी तिला परत आत येऊ दिलं नाही. आमचं स्वयंपाकघर म्हणजे इमारत बांधून झाल्यावर उरलेली जागा आहे. मी हात पसरले तर दोन्ही हातांची बोटं दोन्ही भिंतींना लागतात. फ्रिजचं दार उघडायचं तर आधी स्वयंपाक करणाऱ्याने बाहेर यावं लागतं, नाहीतर दार त्याच्या पोटात. दोन माणसं एका वेळी मावत नाहीत, त्यामुळे दोन माणसांची एका वेळी तिथे भांडणं होत नाहीत, एवढाच त्याचा फायदा. तेव्हा ठरून गेलं ते असं की मी आत जाऊन रांधायचं, मी बाहेर आलो की ताईने आत जायचं आणि ताटं वाढून आणायची. "वाढणं तरी माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली होती, "सगळंच काढून घेतलंस तर मी करू काय दिवसभर?" मला ते पटलं. माझा डबाही ती भरायची. माझं खोलगट ताट, तिचं निळ्या काठाचं, एका जागी टवका उडालेलं. कुणाचं कुठलं हे लहानपणापासून ठरलेलं.

स्वयंपाक मला कधी आवडला नाही, आजही आवडत नाही. लोक सांगतात की कांदा चिरताना, फोडणीचा वास येताना मन शांत होतं. माझं होत नाही. कांदा एका बाजूने कच्चा आणि दुसऱ्या बाजूने काळा होतो. लायटर चार वेळा टिकटिकतो आणि पाचव्या वेळी एकदम भपका येतो. भात एकतर पेज होतो नाहीतर दाणे एकमेकांशी बोलत नाहीत. आणि बाहेरून, न बघता, केवळ वासावरून ताईचा आवाज येतो, "कांदा लागतोय." मी म्हणतो, "बघतोय." ती म्हणते, "गॅस बारीक कर." मी म्हणतो, "केलाय," आणि मग करतो. रांधताना मी चाखून बघत नाही. ही सवय पहिल्या आठवड्यातच सुटली. चाखायचं ते मिठासाठी. बाकी काय, बटाटा शिजला की नाही ते सुरीच्या टोकाला कळतं. मीठच घालायचं नाही तर चमच्याने तळहातावर घेऊन जीभ लावायची कशाला, आणि लावून उगाच आधीच जीव कशाला कंटाळवायचा.

कारण पहिले तीन दिवस भयंकर होते. अळणी म्हणजे कमी चवीचं असं मी समजत होतो. तसं नसतं. अळणी बटाटा तोंडात गेल्यावर तो बटाटा राहत नाही, तो नुसता गोळा होतो. आपण चावतो आणि तो फिरत राहतो. तिसऱ्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो. ताई बघत होती. मी दोन ग्लास पाणी प्यायलो आणि पडून राहिलो, मनात म्हटलं, दिलेला शब्द गेला, उद्या आपण हॉटेलात जाऊन काहीतरी खाणार आणि हिच्याशी खोटं बोलणार. पण चौथ्या दिवशी चमत्कार झाला. चौथ्या दिवशी भोपळ्याला भोपळ्याची चव आली. गोडसर, किंचित खारट, मातीतून आल्यासारखी. वाटाण्याला वाटाण्याची. मी ताईला म्हटलं, "अगं, यातच असतं की सगळं. आपण उगाच वरून घालतो." डॉक्टर म्हणाले होते, जीभ बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. माझी तीन दिवसांत बदलली. मला वाटलं, आपण मनाने घेतलं म्हणून. मन खंबीर असलं की जीभ काय, ती मागून येते.

तेव्हापासून मी जेवताना रोज तिला धीर देत आलो. ती हळूहळू जेवायची, मध्ये थांबायची, आणि मी म्हणायचो, "सवय होते गं. मला नाही का झाली?" कधी तिने घास जरा जास्त वेळ तोंडात धरला तर म्हणायचो, "मी पण तेच खातोय ना." एकदा ती म्हणाली, "हो रे बाबा, खातोयस." दर रविवारी मी कपाटं तपासायचो. म्हणजे वाईट हेतूने नाही. धुळीचं निमित्त करून. तिच्या उशीखाली, पुस्तकांच्या मागे, औषधांच्या डब्यात. चष्म्याचं घर मी कधी उघडलं नाही. ते सतत तिच्या हातातच असतं.

ऑफिसात पोचलो तेव्हा टेबलफॅन आधीच आलेला होता. आमच्या विजेच्या मीटरच्या तपासणीत दोघंच आहोत, मी आणि तो. त्याला टेबलफॅन म्हणतात कारण तो डावीकडच्याशीही सहमत होतो आणि उजवीकडच्याशीही, आणि दोन्हीकडे सारखाच वारा घालतो. आमचं काम सोपं आहे. ज्या मीटरवर संशय आहे ते काढून आमच्याकडे येतं. आम्ही त्याच्या शेजारी आमचं प्रमाण मीटर लावतो, ज्याच्या खरेपणाबद्दल वाद नाही असं. दोन्हींमधून एकच वीज सोडायची आणि बघत बसायचं. खोटं मीटर मागे पडतं, किंवा पुढे पळतं. सव्वीस वर्षं मी हे करतोय. सील तोडून परत जोडलेलं असलं तर माझ्या बोटांना कळतं, डोळ्यांच्या आधी. लोक तावातावाने भांडायला येतात, मी आवाज चढवत नाही, दोन मीटर शेजारी ठेवतो आणि म्हणतो, बघा. अशा माणसाच्या घरात, त्याच्या नाकाखाली, सात महिने चोरी चालते, आणि चोर कोण, तर जिने मी खोटं बोलू नये म्हणून मला पट्टीने मारलेलं आहे ती.

"चेहरा का असा?" टेबलफॅनने विचारलं. मी सांगून टाकलं. ताई चोरून मीठ खाते. तो म्हणाला, "अरे अरे. फार वाईट." मग थोडं थांबून म्हणाला, "पण या वयात जीभ..." मी म्हटलं, "म्हणजे बरोबर केलं?" तो म्हणाला, "छे छे, चूकच. जिवाशी खेळ आहे." मी म्हटलं, "मी सात महिने खातोय ना अळणी? मला जीभ नाही?" तो म्हणाला, "तेच म्हणतो मी." त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, फक्त भिंत निदान मान हलवत नाही. जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडला. वाटाणा-बटाटा, भात. चांगला झाला होता, आणि चांगला झाल्याचाच मला राग आला. एवढं साधं, एवढं पुरेसं अन्न, मी सकाळी सहाला उठून केलेलं, आणि हिला ते पुरत नाही. मागे एकदा टेबलफॅनने माझ्या डब्यातला घास खाल्ला होता आणि म्हणाला होता, "नीट लागतंय की हो." मी म्हटलं होतं, "बघा, कणभर मीठ नाही यात." तो म्हणाला होता, "खरंच, नाहीच्चे." त्या दिवशी मला किती आनंद झाला होता.

दुपारभर मी तीन मीटर तपासली आणि एकाचाही आकडा डोक्यात राहिला नाही, दोन-दोनदा लिहावा लागला. माझ्या डोळ्यांसमोर ती पुडी होती. कागद वहीचा होता, चौकटींच्या वहीचा, घड्या धारदार, शिक्षिकेच्या हातच्या. म्हणजे पुन्हा पुन्हा उघडून पुन्हा पुन्हा घातलेल्या. मी आठवायला लागलो, कधी, कसं. आणि मग आठवलं ते भलतंच. चौथ्या महिन्यात तिला दोन दिवस तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. मी घरी एकटा. रात्रीचं म्हणून बटाट्याची भाजी केली, स्वतःच वाढून घेतली, समोर तिची रिकामी खुर्ची, आणि पहिला घास तोंडात घेतला तर तो खाली उतरेना. परत ते पहिल्या तीन दिवसांचं मातेरं. मी दुसरा घास घेतला आणि मला रडू आलं. चौपन्न वर्षांचा माणूस बटाट्यासमोर बसून रडला. मला वाटलं, माणूस घरात नसलं की अन्नाची चव जाते म्हणतात ते हेच. ताई गेली तर रोज असंच लागेल. हे मी टेबलफॅनलाही सांगितलं होतं आणि त्याचे डोळे पाणावले होते. जिच्यासाठी मी असा रडलो ती बाई त्या वेळी दवाखान्यात कदाचित उशाखाली पुडी ठेवून झोपली असेल, हे आज डोक्यात आलं आणि मी हातातला पाना जरा जोरात ठेवला.

मला तिची काळजी वाटत होती असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. काळजी होतीच. वरच्या आकड्याभोवतीचा तो गोल मला झोपेत दिसतो. पण आज काळजीच्या डोक्यावर बसला होता तो फसवलं गेल्याचा राग. मी जीभ मारली. मी हॉटेलसमोरून जाताना रस्ता बदलला. साहेबांच्या मुलीच्या लग्नात मी काकडी खाऊन परत आलो. आणि ते सगळं एका म्हातारीच्या नाटकाला टाळी वाजवण्यासाठी. संध्याकाळी मी आमच्या स्टॉपच्या एक स्टॉप आधी उतरलो आणि किराणा दुकानातून एक किलो मिठाची पिशवी घेतली. दुकानदार म्हणाला, "तुम्ही तर मीठ नेत नाही." मी म्हटलं, "आज पाहुणे आहेत."

घरी आलो, हातपाय धुतले, पिशवी बॅगेतच ठेवली आणि आत जाऊन भोपळा चिरायला घेतला. आज भोपळ्याने माझं फार ऐकून घेतलं. सुरी त्याच्या पाठीत रुतून बसली, ओट्यावर आपटून सोडवावी लागली. "काय फोडतोयस?" बाहेरून ताई. "भोपळा," मी म्हटलं. "हळू. बोट जाईल." मी तेल टाकलं, कांदा टाकला, कांदा लागला, तिने बाहेरून सांगितलं की लागला, मी म्हटलं बघतोय. झाकणाखाली भोपळा शिजत होता आणि मी त्या एवढ्याशा जागेत दोन भिंतींच्या मध्ये उभा राहून वाक्यं जुळवत होतो. कडक, तोडणारी. मला माहीत होतं, तिच्यासमोर ती निम्मी विसरणार. झालं तेव्हा मी गॅस बंद करून बाहेर आलो आणि रोजच्यासारखी ती उठून आत गेली. हातात चष्म्याचं घर. रोजच असतं, आज फक्त मी पाहिलं. दारातून तिची पाठ दिसत होती, पाठीने ओटा पूर्ण झाकला होता. ताटांचा आवाज, डावाचा आवाज, मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. तेवढा वेळ मी मोजला. चार सेकंद.

ती ताटं घेऊन आली, माझं माझ्यापुढे, तिचं तिच्यापुढे. मी बॅगेतून पिशवी काढली आणि दोन ताटांच्या मध्ये ठेवली. "घे," मी म्हटलं. "एक किलो आहे. चोरून कशाला?" तिने पिशवीकडे पाहिलं, मग चष्म्याच्या घराकडे, मग माझ्याकडे. "बघितलंस होय," ती म्हणाली. एवढंच. घाबरली नाही, लाजली नाही. वर्गात कुणीतरी उत्तर बरोबर दिल्यावर जसं म्हणावं तसं म्हणाली. माझी जुळवलेली सगळी वाक्यं गेली. मी म्हटलं, "सात महिने, ताई. सात महिने मी कुत्र्यासारखा तुझ्याबरोबर हे खातोय." ती म्हणाली, "आधी जेव. गार होतंय." मी म्हटलं, "तुला मरायचंच असेल ना, तर तसं सांग. मी माझ्या हाताने घालीन मीठ. पण मला असं मूर्ख बनवू नकोस." ताईने टेबलावर हात ठेवला होता, त्याची बोटं तिने जवळ घेतली. ते बघून मला आणखी चेव आला.

"तुझं ताट दे इकडे." "कशाला?" "दे म्हणतो ना. बघू दे किती घालतेस." "नको रे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजातली शिक्षिका कुठेतरी गेली. "तू तुझं जेव. ऐक माझं." हे नको म्हणणं मला पुरेसं होतं. खोटं मीटर घेऊन आलेला माणूस असाच मीटरवर हात ठेवतो. मी निळ्या काठाचं ताट ओढून घेतलं आणि मोठा घास केला, भात आणि भोपळा, आणि तोंडात टाकला.

तोंडात काही नव्हतं. म्हणजे होतं, गरम होतं, मऊ होतं, आणि काही नव्हतं. मला वाटलं मीठ एका बाजूला पडलं असेल, मी ताटाच्या दुसऱ्या कडेचा घास घेतला. तेच. पहिल्या तीन दिवसांचं, बटाट्यासमोर रडलो त्या रात्रीचं. घास फिरत राहिला. मी तो कसाबसा गिळला आणि माझ्या ताटातल्या भोपळ्याची एक फोड उचलली. भोपळ्याला भोपळ्याची चव होती. गोडसर, किंचित खारट, मातीतून आल्यासारखी. मीठ होतं. जास्त नाही, कमी नाही, चाळीस वर्षं मला किती लागतं ते ज्या हाताला माहीत आहे त्या हाताने घातलेलं. दोन मीटर शेजारी लावून झाली होती, आता वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ती फोड चावत राहिलो, कारण गिळली की काहीतरी बोलावं लागणार होतं.

"कधीपासून?" मी विचारलं. "तू अर्ध्या ताटावरून उठलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," ती म्हणाली. "शेजारणीकडून आणते, पुडीत मावेल तेवढंच. ती म्हणाली, अहो घरात ठेवा की. म्हटलं, आमच्याकडे तपासणी असते." मी म्हटलं, "सांगायचं नाहीस?" "सांगून काय झालं असतं? एकतर तू माझी कीव येऊन दोघांच्याही भाजीत घातलं असतंस, नाहीतर हट्टाने उपाशी राहिला असतास. तुझ्याकडे तिसरं काही नसतं, लहानपणापासून." तिने ताट परत घ्यायला हात पुढे केला, मी दिलं नाही. "आणि तू किती खुश होतास," ती म्हणाली. "भोपळ्याला भोपळ्याची चव आली म्हणून. मला वाटलं, राहू दे."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "पुडी रोज तुझ्या हातात. तुला कधी वाटलं नाही?" "वाटतं ना. रोज वाटतं." "मग?" "मग काय. घडी घालायची." मी म्हटलं, "पण आता सवय झाली असेल," आणि शब्द बाहेर पडताच कळलं की काय बोललो. ताई पहिल्यांदा चिडली. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "नाही होत सवय. होत नाही रे. गिळवतं, ती गोष्ट वेगळी. अन्न गिळवतं. तुझं ते 'सवय होते गं, मला नाही का झाली' मात्र..." आणि पुढचं तिने सोडून दिलं. सात महिने, रोज, मी मिठाचा घास चावत चावत ते तिला ऐकवलं होतं. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. आमच्या घरात लपायलाही जागा नाही.

मी म्हटलं, "आजपासून मी खरंच अळणी खाणार," आणि तिच्या ताटातला तिसरा घास घेतला. खूप चावला. चावून चावून त्याचं पाणी झालं तरी घसा घेईना. चौथा हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत होती, मला वाटलं हसेल, पण ती हसली नाही, फार थकलेली दिसली. "पुरे नाटकं," ती म्हणाली. "दे इकडे. मला भूक लागलीय." तिने निळ्या काठाचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं, मी उष्टं केलेलं, आणि माझं माझ्यापुढे सरकवलं. मिठाची पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली, टेबलाला जागा व्हावी म्हणून. आणि जेवायला लागली.

मीही जेवलो. दुसरं काय करणार होतो. भाजी चांगली झाली होती आणि प्रत्येक घासाला ती चांगली लागत होती, त्याला माझा इलाज नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती लहान घास करायची. तो तोंडात ठेवायची, चावायची नाही फारसा, आणि लगेच ग्लास उचलून पाण्याचा घोट घ्यायची, मान किंचित मागे टाकून, गोळी घेतात तसा. मग दुसरा घास. मग घोट. ग्लास संपला की जगमधून ओतून घ्यायची. चेहऱ्यावर काही नाही. शेवटचा दाणा तिने बोटाने गोळा केला आणि तोही पाण्याबरोबर घेतला. जग रिकामा झाला होता. तो रोजच रिकामा होत असणार. मी समोरच बसत होतो.